रोहिदासच्या पानावरचा दुवा

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला एक पत्र आले आणि मी त्याचे उत्तर दिले नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडले त्यात माझ्या हातून काही चांगले झाले असेल तर ते चुकून झाले. उत्तर न देणे मात्र मी पूर्ण शुद्धीवर असताना केले.

पत्र अनिताचे होते. चाकणजवळच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. तिथल्या एका दहावीत ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. पुढे लग्न होऊन निघोज्यात गेली, एवढेच मला ठाऊक होते. वहीच्या रेघी कागदावर तिने लिहिले होते:

‘आदरणीय सर, सा. न. मी दोन वर्षांपासून कंपनीतल्या लोकांना घरचा डबा देते. आमच्या घरची एक वेबसाइट आहे. तिच्यात माझं एक पान आहे, पण ते कुणालाच सापडत नाही. बहुतेक मला नीट लिहिता आलेलं नाही. तुम्ही ते पान लिहून द्याल का? नाही म्हणालात तरी चालेल, पण कळवा. तुमचा दुवा असू द्या. (दुसरा शब्द लिहिणार होते, पण त्यात पहिली वेलांटी की दुसरी ते आठवेना. तुम्ही तो मला पन्नास वेळा लिहायला लावला होता, तरी.)’

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो. ‘चि. अनिता’ लिहिले आणि थांबलो. ती आता अडतीस-चाळीस वर्षांची बाई; चिरंजीव कसे म्हणावे? ‘सौ.’ लिहावे तर माझ्याच विद्यार्थिनीशी परक्यासारखे. ‘प्रिय’ लिहिले आणि तो कागद लगेच फाडला. मायन्यातच नऊ कागद गेले. शिवाय डब्याबद्दल मला काय लिहिता येणार होते? मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईने दुरुस्त केल्या. स्वतःचे असे पान मी कधी लिहिलेले नाही. दापोडीत माझे घर रेल्वेरुळांच्या इतके जवळ आहे, की गाडी गेली की कपाटातले शब्दकोश सूतभर पुढे सरकतात. ते मागे ढकलण्यात सात आठवडे गेले.

मार्चच्या एका रविवारी दारात दोन बायका उभ्या राहिल्या. एकीच्या हातात चार पुडांचा स्टीलचा डबा होता, दुसरीच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी.

“सर, उत्तर न लिहिणाऱ्याला तुम्ही शून्य द्यायचात,” डबेवाली म्हणाली. ती अनिता होती.

मी काहीतरी पुटपुटलो. चष्मा, मोतीबिंदू, टपालखाते असे शब्द त्यात होते.

“राहू द्या. आधी जेवा. ही प्राजक्ता, माझी धाकटी जाऊ. पिंपरीत कंप्युटरच्या ऑफिसात असते. वेबसाइट हिनंच केलीय.”

डब्यात पिठलं, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि वाटीभर गुळाचा शिरा होता. मी जेवत असताना अनिताने मला अडचण सांगितली. घराच्या मागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे ती स्वयंपाक करते. दीर रोहिदास, म्हणजे प्राजक्ताचा नवरा, लाकडी पॅलेट बनवतो. कंपन्यांचा जड माल ज्या फळ्यांच्या चौकटीवर ठेवून ट्रकमध्ये चढवतात, त्या चौकटी. त्याचा माल अंगणात मावेना, म्हणून त्याला ती शेड हवी होती. सासरे गेनबा यांनी निकाल दिला होता: अक्षय तृतीयेपर्यंत अनिताचे तीस डबे रोजचे झाले तर शेड तिची, नाहीतर तिथे पॅलेट रचायचे.

“आता किती आहेत?” मी विचारले.

“अकरा. त्यातला एक माझ्याच नवऱ्याचा.”

प्राजक्ताने लॅपटॉप माझ्या शब्दकोशांवर ठेवला. “सर, ताईंचं पान वाईट लिहिलेलं नाहीये. तुम्ही उगीच घाबरलात. प्रॉब्लेम वेगळाच आहे. आमच्या साइटवर चार पानं. पहिलं पान आबांचं, म्हणजे सासऱ्यांचं: भाड्याच्या खोल्या, गाळे. दुसरं ह्यांचं पॅलेटचं. त्याच्यावर सगळ्यात जास्त लोक येतात. तिसरं आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं: मसाला आणि कुरडया. चौथं ताईंचं. पण कुठल्याच पानावरून ताईंच्या पानावर जायला वाट नाही.”

“मग?”

“निघोज्यात नवीन माणूस येतो आणि पत्ता विचारतो. चौघांनी एकाच घराकडे बोट दाखवलं की तो म्हणतो, हे घर मोठं दिसतंय. गूगलचं तसंच आहे. ते एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंक धरून जातं. जिकडे घरातल्याच पानांची बोटं, ते पान वर दाखवतं. ताईंच्या पानाकडे घरातलंच कुणी बोट दाखवत नाही, तर गूगलला काय पडलीय?”

“मग दाखवा की बोट. तुम्हीच केलीत ना वेबसाइट?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. प्राजक्ता म्हणाली, “ह्यांच्या पानावर ह्यांना न विचारता ताईंचं नाव घातलं तर माझी खैर नाही. बोलत नाहीत ना दोघं.”

गेल्या वर्षी घरी जागरण-गोंधळ होता. पत्रिका अनिताने छापून आणली. तीत ‘आपले नम्र’च्या खाली धाकट्या दिराचे नाव ‘रोहीदास’ असे छापले गेले. रोहिदासने ती पत्रिका दाराबाहेर फेकली आणि तेव्हापासून वहिनींशी बोलणे बंद केले.

“एका वेलांटीसाठी, सर,” अनिता म्हणाली. “वर्षभर.”

मला त्याचे वागणे फारसे चूक वाटले नाही, पण मी तसे बोललो नाही.

“तुमचा शब्द घरात कुणी मोडणार नाही,” प्राजक्ता म्हणाली. “हे पण तुमच्याच शाळेतले. तुम्ही एक चिठ्ठी लिहा, कुणी काय करायचं ते. मी तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकते. जे लिहून येईल ते पानावर चढवते. नुसतं ‘येथे क्लिक करा’ नको. जिकडे पाठवतोय तिथे काय मिळतं ते त्याच शब्दांत आलं पाहिजे.”

चिठ्ठी लिहिणे मला जमण्यासारखे होते. तिला मायना लागत नाही. ‘लिंक’ हा शब्द मात्र माझ्या लेखणीतून उतरेना. मराठीत त्याला चांगला शब्द आहे, तोच वापरला. तीन मसुदे करून मी स्वच्छ अक्षरात लिहिले:

‘घरातील प्रत्येकाने आपल्या पानावरून घरातील इतरांना दुवा द्यावा. दुवा देताना मोघम लिहू नये; ज्याला दुवा द्यायचा त्याचे नाव, गाव व काम स्पष्ट सांगावे. दुवा योग्य जागी द्यावा. मनात नसताना, केवळ सांगितले म्हणून दुवा देऊ नये. त्याचा उपयोग होत नाही.’

वाचून प्राजक्ता म्हणाली, “एकदम करेक्ट.” आयुष्यात मला फार कमी वेळा कुणी ‘करेक्ट’ म्हटले आहे. तो दिवस बरा गेला.

चार दिवसांनी तिचा फोन आला. बोलता येणार नाही इतकी ती हसत होती.

“सर, तुम्ही दुवा द्यायला सांगितलंत ना? सगळ्यांनी दिलाय. दुवा. देव-तुमचं-भलं-करो वाला.”

मी खुर्चीत बसलो. दुवा या शब्दाचा तोही अर्थ आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. अनिताच्या पत्रात तो त्याच अर्थाने होता आणि ते पत्र सात आठवडे माझ्या टेबलावर होते.

“वाचून दाखवू? आत्यांचा ऐका: ‘माजी थोरली सून अनिता निघोजे गावात कंपनीच्या पोरांना घरचा डबा देते. तिच्या हाताला यश येवो. तिची कंबर धरते ती बरी होवो.’ आबांनी तर मला समोर बसवून सांगितलंय. दोन पानं झालीत. अनिताताई, मी, त्यांच्या गुडघ्याचे डॉक्टर, चाकणच्या मार्केटातला कांद्याचा अडत्या, सत्त्याऐंशी साली वारलेला बैल. मी म्हटलं, आबा, एका पानावर इतके दुवे झाले की कुठलाच उठून दिसत नाही. तर म्हणाले, ‘आमी काय दुवा मापानं घालायचा व्हय?’”

“आणि रोहिदास?” मी भीत भीत विचारले.

“ते नको म्हणत होते. आत्या म्हणाल्या, ‘सरांनी सांगितलंय. दुवा मागितला तर न्हाई म्हणू ने.’ दोन तास मोबाइल घेऊन पॅलेटवर बसून होते. हे बघा: ‘आमच्या वहिनी सौ. अनिता, मु. पो. निघोजे, चाकण एमआयडीसीत सेकंड शिफ्टला गरम घरगुती डबा पोचवतात. त्यांच्या पिठलं-भाकरीला तोड नाही. पहिल्या वर्षी मीठ जास्त पडायचं, आता नाही. त्यांचं चांगलं होवो.’”

माझ्या तोंडून माफी येऊ लागली, पण तिने मध्येच तोडले. “माफी कसली सर? शब्द तयार आहेत! मी मागितले असते तर ह्यांनी ‘येथे क्लिक करा’ एवढंच दिलं असतं. आता ‘चाकण एमआयडीसीत सेकंड शिफ्टला गरम घरगुती डबा’ ह्या शब्दांवरच लिंक लावते. आबांच्या पानावर ताईंचा दुवा वर घेते. बैलाला लिंक नाही.”

“पण रोहिदासला कळेल का, की हा दुवा तसला आहे?”

“नाही कळणार,” प्राजक्ता म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचे हसू थांबले. “मी सांगीन. योग्य वेळी.”

योग्य वेळ यायच्या आत एक ट्रकवाला आला. नगरकडचा होता, पॅलेट भरून घ्यायला थांबला होता. रोहिदासच्या पानावरून त्याचा नंबर काढता काढता त्याचे बोट भलत्या ओळीवर पडले आणि पुढ्यात भाकरीचा फोटो उघडला. त्याने रोहिदासला विचारले, “भाऊ, पॅलेट राहू द्या, हा डबा कुठं मिळतो?”

पुढच्या रविवारी मला निघोज्याला बोलावणे आले. बोलावणे अनिताचे होते, पण फोनवर मागून दुसराच आवाज चढलेला ऐकू येत होता. मला ताप आल्यासारखे वाटू लागले. थर्मामीटरने साथ दिली नाही. नाशिक फाट्यावरून बस धरली. चाकणच्या चौकात अनिताचा नवरा गोरक्ष मोटरसायकल घेऊन थांबला होता. तो कमी बोलणारा माणूस होता. निघोज्यापर्यंत तो एकच वाक्य बोलला: “सर, तुम्ही काही घाबरू नका.” त्यामुळे मी फारच घाबरलो.

शेडच्या दारात बाजेवर गेनबा आणि सासूबाई तानाबाई बसले होते. एका बाजूला चुलाण, दुसऱ्या बाजूला पॅलेटची थप्पी, मध्ये रोहिदास.

“सर, नमस्कार करतो,” त्याने वाकून खरेच नमस्कार केला आणि सरळ होताच म्हणाला, “आता खरं सांगा. दुवा म्हणजे काय?”

“त्याचे असे आहे, की—”

“माझ्या पॅलेटच्या पानावर बोट लावलं की वहिनींची भाकरी निघते, राव! मी आशीर्वाद दिला, सर. गिऱ्हाईक नव्हतं दिलं! शेड मला पाहिजे आणि माझ्याच पानावरून मी त्यांना डबे गोळा करून देतोय. अख्खं चाकण हसंल मला.”

“अहो, पण तुमच्या पानाचं काही कमी झालं का?” प्राजक्ता म्हणाली. “येणारे तेवढेच येतायत. उलट जास्त वेळ थांबतायत.”

“तू गप. तू तर घरातली फितूर.” तो माझ्याकडे वळला. “सर, दुवा म्हणजे काय, एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल तो अर्थ.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. चुलाणावरचे पिठलेसुद्धा रटरटायचे थांबले, असे मला वाटले. गोलमाल उत्तर देणे सोपे होते. मी त्यात तरबेज आहे. पण अनिता हातात पळी धरून उभी होती आणि तिचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी होता तसा झाला होता.

“दोन्ही,” मी म्हणालो. “शुभेच्छा म्हणजेही दुवा आणि जोडणारी कडी म्हणजेही दुवा. मला दुसरा अर्थ अपेक्षित होता. तुम्ही पहिला घेतलात. चूक माझी. मी दोन्ही अर्थ लिहायला हवे होते.”

“झालं!” रोहिदास म्हणाला. “प्राजक्ता, काढ ते. माझा दुवा मी परत घेतला.”

“परत?” तानाबाई बाजेवरून उठल्या. “रोहिदासा, दिलेला दुवा परत घेत्यात व्हय रं? कुठं ऐकलंयस? उद्या कुणी तुला म्हनलं, तुजं लगीन लागताना टाकल्याल्या अक्षता परत वेचून द्या, तर?”

“आये, हे तसं न्हाई, हे कंप्युटरवरचं हाय.”

“तू मनापासनं लिव्हलंस का न्हाई?”

रोहिदास पॅलेटकडे बघू लागला.

“दोन तास बसला व्हता,” गेनबा म्हणाले. “म्या बघितलं. मनात नसतं तर एवढा येळ लागत न्हाई. आता ऱ्हाऊ दे.”

“ऱ्हाऊ दे काय आबा? मी दिला. वहिनींनी दिला का मला? सगळ्यांच्या पानावर सगळी नावं आहेत, वहिनींच्या पानावर माझं नाव शोधून दाखवा!”

ही गोष्ट खरी होती. अनिताला दुवा म्हणजे काय ते नेमके ठाऊक होते आणि तिने मुद्दाम दिला नव्हता. तिने पळी खाली ठेवली.

“नाव लिहायला गेले की हात थांबतो, भावजी,” ती हळूच म्हणाली. “पुन्हा चुकलं तर पुन्हा वर्षभर तोंड फिरवाल. मला अजून माहीत नाही, कुठली वेलांटी ते. कुणाला विचारायची पण चोरी.”

आणि मग माझ्या तोंडून मोठ्याने शब्द आले. इतक्या मोठ्याने मी वर्गातही बोललो नसेन. “रोहिदासमधला हि ऱ्हस्व! पहिली वेलांटी! पत्रिकेत दुसरी छापली, ती चूकच होती!”

मला वाटले, मी घर मोडले.

“बघा!” रोहिदास ओरडला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. “बघा आबा! सर पण म्हणतायत! एक वर्ष सांगतोय, चूक ती चूक!”

“चूकच होती, भावजी,” अनिता म्हणाली. “माझीच.”

“मग झालं तर,” रोहिदास म्हणाला. त्याने एक पॅलेट उगाच उचलून दुसऱ्या थप्पीवर ठेवले. “पण मिठाचं वाक्य राहणार, वहिनी.”

“राहू द्या. खरंच आहे ते.”

त्याच दुपारी अनिताच्या पानावर एक ओळ चढली: ‘माल भरण्यासाठी मजबूत लाकडी पॅलेट हवे असल्यास आमचे धाकटे दीर रोहिदास, निघोजे.’ ती चढण्याआधी मला सहा वेळा दाखवण्यात आली. मी ती सातव्यांदा स्वतःहून पाहिली.

पुढचे मला प्राजक्ताकडून कळत गेले. काही दिवस काहीच झाले नाही आणि सगळा दोष माझ्याच चिठ्ठीत आहे असे मी धरून चाललो. मग ‘चाकण घरगुती डबा’ शोधले की अनिताचे पान कुठेतरी तिसऱ्या पडद्यावर दिसू लागले, मग दुसऱ्या, मग पहिल्यावर खालून दुसरे. “तुमच्याच बाकावर आलंय, ताई,” प्राजक्ता म्हणाली म्हणे. कंपनीच्या बसमधून उतरणारी पोरे फोन करू लागली. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तिचे सव्वीस डबे होते.

अक्षय तृतीयेला सकाळी गेनबा स्वतः शेडच्या दारात डबे बघत बसले. सव्वीस भरले गेले, आणि मग रोहिदास आला. इकडे तिकडे पाहत म्हणाला, “वहिनी, माल भरायला आलेले लोक ऐकत नाहीत, राव. मोबाइल दाखवतात. म्हणतात, तुम्हीच लिहिलंय तोड नाही, मग मागवा की. माझ्या लोडिंगवाल्यांना रोज आठ डबे लावा. आणि एक मला.”

“तुम्हाला मीठ?” अनिताने विचारले.

“पहिल्या वर्षीसारखं,” तो म्हणाला. “तेच बरं होतं.”

शेड अनिताची राहिली. रोहिदासचे पॅलेट आता गेनबांच्या एका रिकाम्या गाळ्यात असतात. तो गाळा भाड्याने द्यायची ओळ आबांच्या पानावरून काढून टाकावी लागली. बैलाची ओळ मात्र आहे.

हे सगळे सांगायला अनिता मे महिन्यात आली, डबा घेऊनच. निघताना चपला घालता घालता म्हणाली, “सर, सगळं झालं. पण माझ्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही.”

“आता काय उत्तर? पान तर झाले.”

“तरी. पोस्टमन अजून विचारतो.”

पोस्टमन विचारत नसणार. पण ती गेल्यावर मी एक पोस्टकार्ड काढले. मायन्याशी फार वेळ थांबलो नाही; पहिल्यांदा सुचला होता तोच लिहिला.

‘चि. अनिता, तुझे जानेवारीतले पत्र मिळाले. तू विचारले होतेस, पान लिहून द्याल का. ते तुझ्या घरच्यांनी माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. तसेच राहू दे. मला रोज दुपारी एक डबा धाडता येईल का, ते कळव. दापोडी लांब पडत असेल तर नाही म्हणालीस तरी चालेल. तुला माझा आशीर्वाद. शी दीर्घ, दुसरी वेलांटी. पन्नास वेळा लिहायला लावायला नको होते.’

पत्ता लिहिला. ‘निघोजे’ दोनदा तपासले. मग खाली राहिलेल्या जागेत तिच्या पानाचा सबंध पत्ता, ठिपके आणि तिरप्या रेघांसकट, बारीक अक्षरात उतरवला. कार्डावर बोट लावून काही उघडणार नाही, हे मला कळते.

कोपऱ्यावरच्या तांबड्या पेटीपाशी गेलो, कार्ड आणखी एकदा वाचले, आणि तिसऱ्यांदा वाचायच्या आत टाकून दिले.